मदत हवी आहे: ॲपमध्ये मराठीचे रफार कापले जातायत

नमस्कार मंडळी, आमची पुण्यात छोटी डिजिटल एजन्सी आहे, ८ जण. स्वतःचंच एक ॲप करतोय फ्लटरमध्ये (गूगलचं ॲप बनवायचं टूलकिट), त्यात 'आमची टीम' अशी स्क्रीन आहे आणि प्रत्येकाच्या फोटोखाली त्याचे छंद. आता आमच्या टेस्टिंगवाल्या ताईंचा छंद शाडूच्या मूर्ती करणं, तर स्क्रीनवर रफार आणि वेलांटीचा वरचा भाग उडून चक्क 'शाडूच्या मूता' सारखं काहीतरी दिसतंय 😅 ताई दोन दिवस बोलत नाहीयेत माझ्याशी.

डिझायनरने फिग्मात (स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) सगळं इंटर फॉन्टमध्ये इंग्रजी मजकूर टाकून केलंय, लाइन हाइट १.०, म्हणजे ओळीची उंची फॉन्टच्या साइझइतकीच. इंटरमध्ये देवनागरी नाहीच त्यामुळे अँड्रॉइड आपला नोटो फॉन्ट उचलतं आणि आयफोन कोहिनूर फॉन्ट, म्हणून दोन्हीकडे उंची वेगळी येते. शिवाय डिझायनरने लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलं होतं त्यामुळे शिरोरेषा तुटत होती, ते मी शून्य केलं, तेवढं सुटलं.

आता मुक्ता फॉन्ट ॲपमध्येच टाकून लाइन हाइट १.५ करून बघितली, रफार दिसतो पण बटणातला मजकूर खाली सरकल्यासारखा वाटतो, आणि डिझायनर म्हणतो की माझं लेआउट बिघडवलंस. (मराठी मजकूर आधी मागितला असता तर ही वेळ आली नसती, पण असो.)

मराठीसाठी वेगळी टेक्स्ट थीम (फॉन्ट, साइझ, लाइन हाइटच्या सेटिंगचा संच) ठेवता का तुम्ही? की स्ट्रटस्टाइलने (ओळीची किमान उंची ठरवणारं फ्लटरचं सेटिंग) काम होतं? कोणी केलं असेल तर आकडे सांगा प्लीज, शुक्रवारी डेमो आहे.