विषय: रस्त्यावरच्या मनोरुग्णांचं काय करायचं?

या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, 'पोलिसांना फोन करून उपयोग नाही, हे त्यांचं काम नाही म्हणतात.' म्हणू देत, पण कायद्याने ते त्यांचंच काम आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 100 बघा. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण हद्दीत भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घ्यायचं, 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोधही पोलिसांनीच घ्यायचा. फोन करताना कलमाचा आकडा सांगायचा, समोरचा आवाज जरा बदलतो!

राहिला 'घरचे परत घेत नाहीत' हा मुद्दा. कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनचं काम याच टप्प्यावर आहे. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानींनी 1988 साली ते सुरू केलं. भरत वाटवानींना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उपचारांनी माणूस सावरला की नाव-गाव आठवायला लागतं, मग कार्यकर्ते त्याला घरी पोचवतात, मग तो कुठल्याही राज्यातला असो. आजार काय, गोळ्या का थांबवायच्या नाहीत हे घरच्यांना समजावतात. पुष्कळ घरांनी टाकलेलं नसतंच, शोधून दमलेली असतात.

बायकांचं मात्र अवघड. मारहाणीमुळे घर सुटलेल्या बाईला 'घरी पोचवणं' म्हणजे त्याच माणसाच्या ताब्यात देणं. तिथे आधी माहेर, नाहीतर आधारगृह बघावं.