पहिलीपासून इंग्रजी माध्यम, की पाचवीत एकदम? गोव्यातल्या पालकांनो, बोला

डिचोलीची टीचर
आमच्या वाड्यावरच्या आणखी एका जोडप्याने दुसरी झाल्यावर मुलाला मराठी शाळेतून काढले आणि शहरातल्या इंग्रजी माध्यमात घातले. कारण नेहमीचेच, "पाचवीत सगळे इंग्रजीच असते, मग चार वर्षे फुकट का घालवायची?"

मी पाचवीला विज्ञान आणि इंग्रजी शिकवते. आपल्याकडे चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी आणि पाचवीपासून बहुतेक ठिकाणी थेट इंग्रजी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. या उडीत मुले पडतात हे मला मान्य आहे. उपाय मात्र चुकतोय असे वाटते. मूल पहिलीपासून इंग्रजी माध्यमात घातले की इंग्रजी येते, हे गृहीतच मला पटत नाही.

एका मुलीची वही सांगते. अक्षर मोत्यासारखे. फळ्यावरचे 'रूट्स ॲब्सॉर्ब वॉटर' जसेच्या तसे उतरवलेले, खाली लाल शाईत बरोबरची खूण. तिला कोकणीत विचारले, मुळे काय करतात? लगेच म्हणाली, "मुळां उदक ओडटात आनी झाडाक दितात." मग 'ॲब्सॉर्ब' म्हणजे काय विचारले, तर पेन्सिल चावत बसली. ही मुलगी पहिलीपासून इंग्रजी माध्यमातली. विज्ञान तिला कळले होते, इंग्रजीतले वाक्य फक्त उतरवले गेले होते.

माझे म्हणणे एवढेच: चौथीपर्यंत शिकणे घरच्या भाषेत, इंग्रजी विषय म्हणून पहिलीपासून, पण आधी कानाने आणि तोंडाने. स्पेलिंगचे पाठांतर तिसरीपर्यंत नकोच.

वेर्णेकर
टीचर, तुम्ही उडी वरून बघता. मी ती मारलेली आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पहिल्या तिघांत नंबर. पाचवीत गेलो आणि ढ ठरलो. पुस्तकातल्या प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहायचो आणि सर आले की खोडायचो. आठवीपर्यंत वर्गात तोंड उघडले नाही. आज मी औषधांच्या कारखान्यात आहे. बॅचची नोंद, चुकांचा अहवाल, ऑडिट, सगळे इंग्रजीत. माझ्यापेक्षा कमी समजणारा पण फाडफाड बोलणारा माणूस माझा साहेब होतो, हे डोळ्यांनी बघितले आहे. माझा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे आणि तिथेच राहणार.

आणि एक विचारतो. मातृभाषेच्या व्यासपीठावर बसणाऱ्या किती जणांची नातवंडे सरकारी मराठी शाळेत आहेत? हात वर करा बघू.

सत्तरीकर
वेर्णेकरबाब, हा प्रश्न 2011 पासून विचारला जातोय. थोडा इतिहास, नव्या लोकांसाठी. 1990 मध्ये सरकारने ठरवले की प्राथमिकला अनुदान फक्त प्रादेशिक भाषांच्या शाळांना. तेव्हा चर्चच्या कित्येक शाळा कोकणी माध्यमात गेल्या. 2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिकलाही अनुदान देऊ केले आणि मातृभाषेतल्या शिक्षणाची बाजू घेणारा भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला. 2012 मध्ये सरकार बदलले, पण त्या शाळांचे अनुदान चालूच राहिले. 2014 मध्ये कर्नाटकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की प्राथमिक शाळेवर मातृभाषेची सक्ती सरकारला करता येणार नाही. म्हणजे निवड पालकांची. ती निवड नीट माहिती घेऊन होतेय का, यावर बोलू. नातवंडे मोजून काही निघणार नाही.

काणकोणची माई
घरची भाषा, घरची भाषा म्हणता, पण आमच्या घरात कोकणी. भजन मराठीत, वर्तमानपत्र मराठीत, भांडण कोकणीत! मूल मराठी शाळेत गेले तरी पहिल्या दिवशी पुस्तकाची भाषा त्याच्या तोंडातली नसतेच. मग मराठी चालते आणि इंग्रजी चालत नाही, असे का?

डिचोलीची टीचर
माई, बरोबर पकडलेत. पण फरक अंतराचा आहे. कोकणी बोलणाऱ्या मुलाला मराठी गोष्ट सांगितली तर पहिल्या दिवशीच अर्धी समजते आणि उरलेली महिन्याभरात. लिपी एक, वाक्याची ठेवण एक. इंग्रजीत क्रियापद मधे येते, प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलते. माझी मुले 'व्हेअर यू आर गोइंग' म्हणतात कारण आपल्याकडे 'तू खंय वता' विचारताना काही हलवावे लागत नाही. शिवाय देवनागरीत जे लिहिले ते वाचले. इंग्रजीत सव्वीस अक्षरे आणि ध्वनी चाळिसाच्या वर. सहा वर्षांच्या पोराने नवी भाषा, नवी लिपी आणि वाचन म्हणजे काय हे तिन्ही एकदम शिकायचे. एकदा मराठीत वाचता आले की 'वाचणे' पुन्हा शिकावे लागत नाही, नुसती अक्षरे शिकायची.

माझ्या वर्गात कन्नड बोलणारी दोन भावंडे आहेत. त्यांच्यासाठी यातले काहीच लागू नाही, हेही सांगून टाकते.

पणजीचा जुना माणूस
मुक्तीपूर्वीचे सांगतो. 1961 च्या आधी लिसेंव, म्हणजे सरकारी हायस्कूल, पोर्तुगीज, देवळातल्या नाहीतर कुणाच्या ओसरीवरच्या शाळा मराठी, आणि खासगी इंग्रजी शाळांतून पोरे मुंबईच्या मॅट्रिकला बसायची. आमच्या पिढीतले कितीतरी जण मराठी चार यत्ता करून मग इंग्रजीत गेले आणि मुंबईत उत्तम इंग्रजीत कचेऱ्या चालवल्या.

लहान वयात भाषा पटकन येते, हेही अर्धेच खरे. स्नो आणि होफनागल-हौल या दोघी संशोधकांनी 1978 मध्ये हॉलंडमध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास केला. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत पुढे बारा ते पंधरा वर्षांची मुले आणि मोठी माणसे होती, तीन-चार-पाच वर्षांची मागे. लहानांचा फायदा दीर्घ सहवासात दिसतो. वर्गातल्या रोजच्या एका तासाला सहवास म्हणत नाहीत.

वेर्णेकर
काका, त्या काळी जे टिकले तेच तुम्हाला आठवतात. जे मॅट्रिकला आपटले ते शेतावर किंवा जहाजावर गेले, त्यांच्याबद्दल कोण लिहिणार? आणि हॉलंडमध्ये ती पोरे रस्त्यावर, दुकानात डच ऐकत होती. वाळपईच्या पोराला दुकानात इंग्रजी कोण ऐकवणार? शाळेतच ऐकवायला हवे. म्हणजे तास वाढवायला हवेत, आणि तास वाढतात ते माध्यम इंग्रजी असले तरच.

डिचोलीची टीचर
हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. पण ते तास कसले, ते बघा. आमच्या भागातल्या कमी फीच्या इंग्रजी शाळेत जाऊन मागे बसा. टीचर दोन ओळी इंग्रजीत वाचते, पाच मिनिटे कोकणीत समजावते, मग प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहिते आणि मुले उतरवतात. तिचा दोष नाही, तिलाही असेच शिकवले. मुलाच्या कानावर पडणारे इंग्रजी 'सिट डाऊन', 'कीप क्वाएट' आणि 'कॉपी डाऊन'.

बंगळुरूला इंग्रजी कसे शिकवावे याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात सरकारी शाळांत वेगळे करून पाहिले. व्याकरण नाही, पाठांतर नाही. रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा द्यायचा आणि त्यातला प्रश्न इंग्रजीत सोडवायचा. आपल्याकडे कदंब बसचे वेळापत्रक घ्या: साखळीहून पणजीला नऊच्या आत पोचायचे तर कोणती बस? चौथीचे मूल यात रमते आणि इंग्रजी कधी बोलले ते त्यालाच कळत नाही.

काणकोणची माई
त्या प्रभूंना शिक्षक कसले मिळाले होते? इंग्रजी चांगले असणारे. आमच्या एकशिक्षकी शाळेत चार वर्ग, माध्यान्ह आहाराचा हिशेब आणि वर निवडणुकीचे काम. तिथे बस कोण शोधणार?

सत्तरीकर
माई 🙏 हेच दुखणे आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरची भाषा, असे लिहिलेय. आपली उडी नेमकी पाचवीत. धोरण आणि वर्ग यांची अजून गाठ पडलेली नाही.

डिचोलीची टीचर
म्हणून मी धोरणाची वाट बघत नाही. पाचवीच्या पहिल्या सत्रात विज्ञान दोन भाषांत शिकवायचे, घटक चाचणीत मराठी-कोकणीतले उत्तर बरोबर धरायचे आणि त्याखाली तेच उत्तर इंग्रजीत दोन ओळींत लिहून घ्यायचे. दुसऱ्या सत्रात उलट. माझ्या एका वर्गापुरते एवढे करता येते. पालक सभेत मात्र पहिला आक्षेप पालकांचाच येतो, "टीचर वर्गात कोकणी बोलते."

वेर्णेकर
तो आक्षेप मीही घेतला असता, खोटे कशाला बोलू. थोरल्याचे ठरले, त्याला हलवणार नाही. धाकटीचा प्रवेश अजून व्हायचा आहे आणि आमच्या शेजारची मराठी शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. तिथून मुले ज्या हायस्कुलात जातात, तिथले हेडमास्तर पाचवीत दोन भाषांतली उत्तरे चालवतील का, हे उद्या विचारून येतो. तोंडी नको, लेखी हवे. दिले तर इथे टाकतो.

काणकोणची माई
लेखी! विचारा बाबा, शुभेच्छा 😄