पोरीला गणिती भौतिकीत पीएचडी करायचीय. करू द्यावं का?

उद्यमनगरवाला: मुलगी एमएस्सी फिजिक्स झाली, जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी फेलोशिप, पण मिळाली. आता म्हणते, सापेक्षतावादाच्या गणितातच पीएचडी करणार. प्रयोगशाळा नको, यंत्र नको. वर्कशॉपच्या जुन्या चलनांच्या कोऱ्या बाजू टेन्सरच्या, म्हणजे त्या गणितातल्या चिन्हांच्या, ओळींनी भरत बसते. अक्षरांच्या डोक्यावर अक्षरं, पायाशी अक्षरं. पाच वर्षं हे, मग परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, मग नोकरी लागली तर लागली. मी नको म्हणतोय. चुकतोय का?

पांढरा रस्सा: चुकताय, काका. सापेक्षतावादाचे गणिती विष्णु वासुदेव नारळीकर आपल्या कोल्हापूरचेच. ते बनारसला असताना प्रल्हाद चुनीलाल वैद्य त्यांच्याकडे गेले, गाठीच्या पैशावर राहिले. आइन्स्टाइनच्या समीकरणांचं श्वार्ट्सशिल्डनं काढलेलं १९१६ चं उत्तर ताऱ्याचा प्रकाश धरतच नाही. खरा तारा प्रकाश फेकतो, म्हणजे त्याचं वस्तुमान घटत जातं. ते धरून वैद्यांनी १९४३ मध्ये नवं उत्तर काढलं. ते उत्तर, ‘वैद्य मेट्रिक’, आजही वापरात आहे. खर्च काय? कागद आणि शाई.

तर्री कमी: आणि गाठीचं संपल्यावर? सापेक्षतावादातल्याच अमलकुमार रायचौधुरींचं बघा की. कलकत्त्यात नेमून दिलेलं काम धातूंचं, सापेक्षतावाद आपल्या हिमतीवर. त्यांच्या नावाचं समीकरण छापलं १९५५ ला. पेनरोज आणि हॉकिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी पुढं ते वापरलं. पेनरोजना नोबेल २०२० ला, रायचौधुरी २००५ लाच गेले. आपल्या विषयावर बोलायला शेजारी माणूस नसेल तर हुशारी कुजते, राव.

पांढरा रस्सा: तेव्हाचं वेगळं. आता आर्काइव्ह (arXiv) या वेबसाइटवर पेपर फुकट वाचता येतो. जेआरएफचे महिना ३७ हजार, दोन वर्षांनी ४२, वर घरभाडं. उद्यमनगरातल्या तुमच्या वर्कशॉपात नवख्याला देता का एवढे?

उद्यमनगरवाला: नाही देत. पण पैशाचं दुखणं नाही ओ. दर दोन वर्षांनी गाव बदलायचं, चाळिशीपर्यंत बिऱ्हाड पाठीवर. पोरगा असता तरी हेच म्हटलं असतं. (म्हटलं असतं का, हे बायको विचारते.) बरं, ती ऐकणार नाहीच. गाईड कसा बघायचा तेवढं सांगा.

तर्री कमी: माझं मत तेच. पण जाणारच असेल तर गाईडच्या पेपरांची यादी नंतर. त्याचे मागचे चार विद्यार्थी गाठायला सांगा, कॅन्टीनमध्ये, केबिनबाहेर. किती वर्षं लागली, सोडून किती गेले, आणि पेपरवर स्वतःचं नाव लागलं का, एवढं विचारायचं. विद्यार्थी इकडंतिकडं बघून बोलायला लागला, की उठायचं.