मदत हवी आहे: पांढऱ्या क्वार्ट्झच्या ओट्यावर हळदीचे डाग, सिंकजवळ थर आणि शेगडीशेजारी पिवळट वर्तुळ

घोडबंदरचा_रहिवासी

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. घर रिसेलमध्ये घेतलं तेव्हा ओटा आधीच्या मालकांनी नवीन करून घेतलेला होता. पांढरा, मध्ये राखाडी शिरा, २० मिमी जाड. त्यांनी दिलेल्या बिलावर 'क्वार्ट्झ' लिहिलंय. आईचा पहिल्यापासून विरोध. तिच्या मते स्वयंपाकघरात काळा ग्रॅनाइट सोडून दुसरं काही लावणारा माणूस स्वतः फोडणी देत नसणार. (मुद्दा बिनतोड आहे.)

मिक्सरच्या जागी हळदीचे डाग पडलेत, भांड्यांच्या लिक्विडने जात नाहीत. सिंकच्या कडेने पांढरट थर आहे, बोट फिरवलं तर खरखरीत लागतो. आमच्याकडे टँकरचं पाणी बरंच असतं, नळांवरही तसाच थर आहे. पण खरी धास्ती तिसऱ्याची: शेगडीच्या उजवीकडे ताटलीएवढं पिवळट-तपकिरी वर्तुळ. ते आधीपासूनचं की आमच्या काळातलं, यावर घरात एकमत नाही.

पॉलिशवाला बघून गेला. म्हणाला, सगळं घासून पॉलिश करतो, वर सीलर (डाग मुरू नयेत म्हणून लावायचं द्रव्य) मारतो, पण सीलर दर वर्षी मारावा लागेल, वार्षिक कॉन्ट्रॅक्टच घ्या. कामाच्या मावशींचं म्हणणं, बाथरूमचं ॲसिड जरासं लावून बघू. त्यांना तूर्त थांबवलंय. शिवाय चार बर्नरची हॉब (ओटा कापून आत बसवायची शेगडी) बसवायची आहे. फिटर म्हणतो ओटा जागेवरच ग्राइंडरने कापतो, तासाभराचं काम. करू द्यावं का?

नेरुळची_ताई

मावशींना थांबवलंत ते उत्तम केलंत. ॲसिड नको, आणि तुंबलेल्या सिंकमध्ये टाकतात तो कॉस्टिकही ओट्यावर सांडू देऊ नका. आमचा ओटा क्वार्ट्झचाच, पण नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी, त्यामुळे पांढऱ्या थराचा अनुभव नाही. हळदीचा मात्र भरपूर आहे! डाग खिडकीजवळ असेल तर निम्मं काम ऊन करतं, धीर धरा.

खडी_ते_स्लॅब

दगडाच्या धंद्यात आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी खात्री करा की हे क्वार्ट्झच आहे. आपल्याकडे 'नॅनो व्हाइट' म्हणून जे विकतात ते काचेपासून बनतं आणि कित्येक दुकानदार दोन्ही एकाच दमात सांगतात. नॅनो व्हाइट एकसारखं दुधी पांढरं असतं, कड उडाली तर काचेसारखी उडते. तुमच्यात शिरा आहेत, म्हणजे बहुधा क्वार्ट्झ. सिंकखालून कापलेली कड दिसते का बघा, आत बारीक कण दिसले की झालं.

क्वार्ट्झची स्लॅब म्हणजे वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास गारगोटीचा चुरा आणि बाकी तो चिकटवून धरणारं रेझिन व रंग. व्हायब्रेशन आणि व्हॅक्यूममध्ये दाबलेली असल्याने तिला छिद्रं जवळजवळ नसतातच. मग सीलर मुरणार कुठे? तो वर पातळ पापुद्रा होऊन बसतो, काही महिन्यांत ढगाळ दिसतो आणि पॉलिशवाला पुन्हा दारात. सीलर संगमरवराला आणि काही ग्रॅनाइटला लागतो. वार्षिक कॉन्ट्रॅक्टला सरळ नाही म्हणा.

आता डाग. यातले कुठले वर बसलेत आणि कुठे रेझिनच बिघडलंय, एवढंच ओळखायचं. वरचे निघतात. बिघडलेलं रेझिन घरच्या कुठल्याच उपायाने पूर्ववत होत नाही.

सिंकजवळचा थर क्षारांचा आहे. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, त्यात कापड भिजवून थरावर पाचेक मिनिटं ठेवा, मऊ स्पंजने घासा, साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. रात्रभर ठेवू नका. जाड पापुद्रा असेल तर आधी जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा. सुरी नको. गारगोटी सुरीला दाद देत नाही, पण पोलादाची काळपट रेघ वर उमटते आणि मग तुम्ही ती ओरखडा समजून घासत बसता. तारेची घासणी तर ओट्याच्या आसपासही नको, चकाकी जाते आणि ती परत आणणं महागात पडतं.

हळदीला खायचा सोडा पाण्यात कालवून लेप लावा, अर्ध्या तासाने हलक्या हाताने पुसा. डाग आधी लालसर होईल, घाबरू नका. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, तोच प्रकार. त्यानंतर राहिलेल्या पिवळेपणावर सॅनिटायझरचा बोळा फिरवा, हळदीचा रंग अल्कोहोलमध्ये सुटतो. तरीही उरला तर केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड टिश्यूवर घेऊन डागावर ठेवा. आधी कोपऱ्यात करून बघा.

वर्तुळाबद्दल काही छान सांगता येत नाही. पाण्याने ओलं करा. ओलं असताना दिसेनासं झालं तर क्षार असण्याची आशा आहे, व्हिनेगर लावा. ओलं असतानाही तपकिरी दिसत असेल तर रेझिन भाजलंय. साधारण १५० अंशांच्या पुढे ते टिकत नाही. कुकरच्या आत १२० अंश असतात, पण आचेवरून उतरवलेला बिडाचा तवा सहज दोनशेच्या वर. पुढे तरी शेगडीशेजारी लोखंडी तिवई ठेवा. लाकडी पाटही चालेल. गरम तळ थेट ओट्याला लागायला नको.

कोपरखैरणे_किचन

हॉबच्या कापणीबद्दल. क्वार्ट्झ कोरडं कापलं की सिलिकाची अतिशय बारीक धूळ उडते. फुप्फुसांचा सिलिकोसिस हा आजार तिच्यामुळे होतो आणि तो बरा होत नाही. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असल्या कृत्रिम दगडावर बंदी घातली. बसवलेल्या ओट्यापासून तुम्हाला धोका नाही, धोका कापणाऱ्याला आणि त्या वेळी घरात असणाऱ्यांना. फिटरला सांगा: पाणी सोडत कापायचं, नुसता रुमाल नाही तर चांगला मास्क लावायचा, आणि त्या दिवशी आईंना शेजारी पाठवा. ऐकत नसेल तर दुसरा माणूस बघा. आणखी एक, कटआउटचे (हॉबसाठी ओट्यात कापायच्या भोकाचे) आतले कोपरे गोल ठेवायला सांगा. काटकोनी कोपऱ्यातूनच तडे जातात.

घोडबंदरचा_रहिवासी

सगळ्यांचे आभार. रविवारी कामाला लागलो. सिंकखालून पाहिलं, कण दिसतात, क्वार्ट्झच आहे. थर व्हिनेगरने गेला. नळांवरचाही काढला, मावशी खूश. हळद लालसर झाली तेव्हा आई "आता कुंकवाचा डाग घालवा" म्हणाली, पण सॅनिटायझरनंतर बरीच फिकी झालीय. वर्तुळ ओलं केलं तरी तसंच दिसतं, म्हणजे भाजलेलंच. पॉलिशवाला म्हणतो डायमंड पॅडने घालवतो.

खडी_ते_स्लॅब

पॅडने वरचा थर घासला जाईल, पण कारखान्यातली चकाकी त्याच्या हाताने येत नाही. वर्तुळाच्या जागी मंद चकत्ता दिसेल आणि उजेड तिरका पडला की जास्तच. त्यापेक्षा एक विचारतो, हॉब नक्की कुठे बसणार? कटआउट थोडा उजवीकडे सरकला तर वर्तुळ कापून बाहेरच जाईल.

घोडबंदरचा_रहिवासी

हे सुचलंच नव्हतं! हॉबच्या खोक्यातला कागदी नमुना ओट्यावर पसरून पाहिला. हॉब चार इंच उजवीकडे घेतली तर जवळजवळ सगळं वर्तुळ आत जातं, चिमणीही मध्यावरच राहते. फक्त समोरच्या बाजूला एक बारीक कोर उरते. कटआउट तेवढा पुढे ओढू का?

खडी_ते_स्लॅब

पुढे ओढू नका. कटआउटपुढची पट्टी हा ओट्याचा सगळ्यात कमजोर भाग. हॉबच्या पुस्तिकेत समोर जेवढं अंतर दिलंय तेवढं सोडा, आणि तीन इंचांपेक्षा कमी तर नकोच. हॉबची काच कटआउटच्या बाहेर थोडी येतेच. कोर तिच्याखाली झाकली जाते का ते आधी मोजा.

घोडबंदरचा_रहिवासी

मोजलं. झाकली जाते. फिटरला पाण्याचं सांगितलंय. कुरकुरला, पण शनिवारी पाइप घेऊन येतोय.