शब्दचर्चा: 'लांटक्राइस' म्हणजे जिल्हा की तालुका? (वेत्सलारच्या निमित्तानं)

अनुवादिनी

जर्मन कागदपत्रांचे मराठी अनुवाद करते. सध्या एकाच कुटुंबाचे तीन जन्मदाखले हातात आहेत, तिन्ही वेत्सलार गावचे. १९१२ च्या दाखल्यावर 'क्राइस वेत्सलार, ऱ्हाइन प्रांत' असं आहे. १९३६ च्या दाखल्यावर क्राइस तोच, पण प्रांत 'हेसन-नासाऊ'. १९७८ च्या दाखल्यावर तर वेत्सलार हे नावच नाही, नुसतं 'लान'! घरचे छातीठोकपणे सांगतात की तीन पिढ्यांत कुणी गाव सोडलं नाही.

सोबत १९५५ चा शाळेचा दाखला आहे, त्यावर 'लांटक्राइस वेत्सलार'. क्राइस आणि लांटक्राइस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? मराठीत काय लिहू? जिल्हा, तालुका, की आधीच्या अनुवादकानं लिहिलंय तसं 'ग्रामीण जिल्हा'? आणि 'लांटराट' म्हणजे जिल्हाधिकारीच ना?

लानकाठचा

ताई, गाव जागच्या जागी आहे, मालक बदलत गेले.

वेत्सलार हे लान नदीवरचं जुनं शहर, थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं. पवित्र रोमन साम्राज्याचं एक सर्वोच्च न्यायालय १६९० च्या सुमारास इथे आलं आणि साम्राज्य बुडेपर्यंत, म्हणजे १८०६ पर्यंत, इथेच होतं. तरुण ग्योटे १७७२ मध्ये वकिलीची उमेदवारी करायला इथे आला होता. (कोर्टापेक्षा दुसरीकडेच जास्त रमला, ते सोडा.) नेपोलियनच्या धामधुमीत शहराचं स्वातंत्र्य गेलं आणि १८१५ च्या वाटणीत हा मुलूख प्रशियाच्या पदरात पडला. प्रशियानं १८१६ मध्ये इथे वेत्सलार आणि ब्राउनफेल्स असे दोन क्राइस केले आणि १८२२ मध्ये ते एकत्र करून टाकले. तो क्राइस १९७६ अखेरपर्यंत चालला.

हा क्राइस जोडला गेला ऱ्हाइन प्रांताला, कोब्लेन्त्स विभागाला. नकाशा काढून बघा. लान नदी कोब्लेन्त्सजवळ ऱ्हाइनला मिळते खरी, पण वेत्सलारहून तिथवर जायचं तर मधे नासाऊचं राज्य. दुसऱ्या बाजूला हेसनच्या ग्रँड ड्यूकचा मुलूख. वेत्सलारची फाइल विभागाच्या गावी पोचवायची तर परराज्यातून न्यायची!

१८६६ च्या युद्धानंतर प्रशियानं नासाऊ गिळलं आणि १८६८ मध्ये हेसन-नासाऊ नावाचा नवा प्रांत उभा केला. शेजार आता घरचाच झाला. तर्कानं वेत्सलार लगेच त्यात जायला हवं होतं. पण नाही. ते ऱ्हाइन प्रांतातच राहिलं, १ ऑक्टोबर १९३२ पर्यंत. त्या दिवशी ते हेसन-नासाऊत, वीसबाडेन विभागात आलं. तुमच्या पहिल्या दोन दाखल्यांतला फरक तो एवढाच. महायुद्धानंतर हा सगळा भाग आजच्या हेसन राज्यात आला.

जुना कारकून

आमच्या बार्शीसारखंच झालं की. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका इंग्रजी अमलात निजामाच्या मुलखानं वेढलेला होता. तालुका इंग्रजांचा, पण वेशीबाहेर पडलं की हैदराबाद संस्थान. जुने लोक बोलताना 'निजामाची हद्द' म्हणायचे, ती दूर कुठे नव्हे, पलीकडच्या शिवारातच असायची. त्यामुळे १९१२ च्या दाखल्यावर फक्त 'ऱ्हाइन प्रांत' लिहिलं तर वाचणारा वेत्सलार ऱ्हाइनच्या काठी शोधत बसेल. तळटीप द्याच.

आता शब्दाकडे. जर्मन 'क्राइस' म्हणजे वर्तुळ ना? मग आपल्याकडे तंतोतंत शब्द आहे, मंडळ. महसूल खात्यात मंडळ अधिकारी असतो, इंग्रजीत त्याला सर्कल ऑफिसरच म्हणत. अर्थ जुळला, पण दर्जा नाही. मंडळ म्हणजे काही तलाठी सजे एकत्र केलेले, तालुक्याच्याही खालचं. उद्या कुणी 'वेत्सलार मंडळ' वाचलं तर पाचपन्नास वाड्या डोळ्यापुढे येतील.

शंकेखोर

वर्तुळ कुठून आलं पण? हद्द तर वेडीवाकडीच असणार.

लानकाठचा

साम्राज्याच्या काळापासून. १५०० ते १५१२ दरम्यान साम्राज्याचे दहा 'राइक्सक्राइस' केले, सैन्य उभारणं, शांतता राखणं असल्या कामांसाठी. त्यात कित्येक लहानमोठी राज्यं एकेका क्राइसात असत. प्रशियानं हाच शब्द उचलून कितीतरी लहान तुकड्याला लावला. एकच शब्द, पण १६ व्या शतकात तो अख्ख्या प्रदेशाला आणि १९ व्या शतकात चार-दोन कसब्यांना. म्हणून कारकूनकाकांचं बरोबर आहे, व्युत्पत्तीवरून भाषांतर करू नये. तसं तर 'जिल्हा' हा मूळ अरबी शब्दही बरगडी किंवा बाजू या अर्थाचा आहे, आणि गावांच्या नावात अजून येणारं 'तर्फ' म्हणजेही बाजूच. तिकडे वर्तुळ, इकडे बाजू. भूमितीचा तास चालू आहे.

शंकेखोर

मग आकारावरून ठरवा. आज वेत्सलार ज्यात आहे त्या लान-डिल-क्राइसचं क्षेत्रफळ सुमारे १,०६६ चौरस किलोमीटर, लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास, आत २३ नगरपालिका आणि ग्रामपालिका. पुणे जिल्हा १५,६०० चौरस किलोमीटरच्या वर, २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसं. याला जिल्हा आणि त्यालाही जिल्हा? जर्मनीत असले २९४ लांटक्राइस आहेत, शिवाय कुठल्याच क्राइसात नसलेली १०६ शहरं. सरळ तालुका म्हणा.

लानकाठचा

आकारानं तालुकाच, मान्य. पण कामं बघा. माध्यमिक शाळांच्या इमारती, गाड्यांची नोंदणी, बांधकाम परवाने, कचरा, गरजूंची मदत, मुलांचं संरक्षण. वर निवडून आलेली सभा असते, 'क्राइसटाग'. तिला जिल्हा परिषद म्हटलं तर आपल्याकडच्या कुणालाही चटकन कळतं. पैसा मात्र उलट्या दिशेनं येतो. क्राइसला स्वतःचे कर जवळजवळ नाहीतच, त्याच्या हद्दीतल्या गावांनी आणि शहरांनी वर वर्गणी भरायची. ती किती असावी यावर दरवर्षी बजेटच्या वेळी भांडणं होतात. तालुका म्हटलं की तहसील कचेरी आणि सातबारा आठवतो, तसलं काही इथे नाही. मी 'जिल्हा'च लिहितो.

अनुवादिनी

आणि 'ग्रामीण'?

लानकाठचा

ते काढून टाका. 'लांट' म्हणजे इथे शहराबाहेरचा मुलूख हे खरं, पण ते फक्त श्टाटक्राइसपासून वेगळं दाखवायला. स्वतःचा कारभार स्वतः पाहणारं शहर तो श्टाटक्राइस, बाकी सगळं लांटक्राइस. वेत्सलार तर नावालाही खेडं नव्हतं. तिथे लोखंडाच्या ओतशाळा होत्या आणि लायट्सचा दुर्बिणी-सूक्ष्मदर्शकांचा कारखाना होता. त्याच कारखान्यात ओस्कार बारनाकनं १९१४ च्या सुमारास छोट्या फिल्मवर चालणारा कॅमेरा बनवला, त्याचा लायका १९२५ मध्ये बाजारात आला. जगभरच्या छायाचित्रकारांच्या गळ्यात लोंबणारी ती वस्तू 'ग्रामीण जिल्ह्या'तली म्हणायची का?

क्राइस आणि लांटक्राइस यांत १९१२ ते १९५५ दरम्यान दर्जा बदलला असंही नाही. प्रशियात नुसतं 'क्राइस' म्हणायची रीत होती, 'लांटक्राइस' तेव्हाच, जेव्हा त्याच नावाचं स्वतंत्र शहर शेजारी असे. बाव्हेरियात याच गोष्टीला 'बेत्सिर्क्सआम्ट' म्हणत आणि सॅक्सनीत 'आम्ट्सहाउप्टमानशाफ्ट' असा एका दमात न येणारा शब्द होता. १ जानेवारी १९३९ पासून नात्सी सरकारनं सगळीकडे 'लांटक्राइस' हेच नाव लादलं. युद्धानंतर बऱ्याच राज्यांनी ते तसंच ठेवलं, काहींनी पुन्हा 'क्राइस' केलं. मराठीत दोन्हींना 'जिल्हा' पुरेल.

जुना कारकून

लांटराटचं राहिलं.

लानकाठचा

इथे मात्र दाखल्याची तारीख बघूनच लिहायचं. १९ व्या शतकातला प्रशियाचा लांटराट राजानं नेमलेला, वरून आलेला हुकूम खाली राबवणारा. त्याला जिल्हाधिकारी म्हणा, बिनदिक्कत. पण हेसनमध्ये १९९१ साली जनमत घेऊन लांटराट थेट लोकांनी निवडायचा असं ठरलं. आता तो पक्षाचं तिकीट घेऊन प्रचार करतो, फलकावर हसताना दिसतो. त्याला जिल्हाधिकारी लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल आयएएसची परीक्षा देऊन आला. 'जिल्हा परिषद अध्यक्ष'ही पुरतं बसत नाही, कारण राज्य सरकारची काही देखरेखीची कामं अजून त्याच्याच कचेरीत आहेत. मी 'जिल्हाप्रमुख' लिहितो. राजकीय पक्षाच्या पदाचा वास येतो त्याला, पण दुसरं काही सुचलेलं नाही.

शंकेखोर

'जिल्हापती' लिहा, शोभेल. असो. 'लान'चं काय? नदीत जन्मलं का पोर?

लानकाठचा

जवळपास! सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीत सगळीकडे क्राइसांची काटछाट चालली होती. छोट्या कचेऱ्या परवडत नाहीत, नियोजन एकत्र हवं, असा हिशेब. बाव्हेरियानं १ जुलै १९७२ ला १४३ चे ७१ केले. हेसननं वेत्सलारच्या बाबतीत कहरच केला. १ जानेवारी १९७७ पासून वेत्सलार, त्याचं शेजारचं वैरी गीसेन आणि मधली चौदा गावं मिळून एक शहर केलं आणि त्याला नदीचं नाव दिलं, 'लान'. आजूबाजूचे वेत्सलार आणि गीसेन हे क्राइस, डिलक्राइस आणि बीडेनकोप्फकडचा काही भाग मिळून लान-डिल-क्राइस झाला. ताईंच्या शाळेच्या दाखल्यावरचा लांटक्राइस वेत्सलार इथे संपला.

एक विद्यापीठाचं गाव, दुसरं कारखान्यांचं आणि जुन्या कोर्टाच्या तोऱ्याचं. दोघांची नावं पुसून तिसरंच लावलं. लोक इतके भडकले की मार्च १९७७ च्या स्थानिक निवडणुकीत सत्ताधारी सोशल डेमोक्रॅट पक्षाला त्याचा जबर फटका बसला. ३१ जुलै १९७९ ला ते शहर मोडलं. जेमतेम ३१ महिने! गीसेनला स्वतःचा लांटक्राइस परत मिळाला. वेत्सलार शहर म्हणून उभं राहिलं, पण क्राइस म्हणून नाही. ते लान-डिल-क्राइसचं मुख्य ठिकाण झालं, आजही आहे.

म्हणून १९७८ च्या दाखल्यावर 'लान' हे अगदी बरोबर आहे. त्या दिवशी वेत्सलार नावाचं स्वतंत्र शहर कायद्यानं नव्हतंच. मूळ मजकुरात 'लान' ठेवा आणि कंसात 'आजचे वेत्सलार' लिहा. मात्र आधी नोंदणी कचेरीचं नाव नीट वाचा, कारण लानमध्ये जन्मलेला माणूस गीसेनचाही असू शकतो.

जुना कारकून

गाड्यांच्या पाट्यांचं काय केलं मग?

लानकाठचा

तिथेही तमाशा. वेत्सलारची 'डब्ल्यूझेड' आणि गीसेनची 'जीआय' जाऊन सगळ्यांना नुसतं 'एल' मिळालं. एकच अक्षर हा मोठ्या शहरांचा मान, त्यामुळे बाकीचे हसत. हे अक्षर खरं तर पूर्व जर्मनीतल्या लाइप्त्सिशसाठी राखून ठेवलेलं होतं. १९९० मध्ये देश एक झाला, अक्षर त्यांच्याकडे गेलं आणि इकडे 'एलडीके' आलं. २०१२ पासून वेत्सलार शहरात 'डब्ल्यूझेड' परत घेता येतं, आणि लोक हौसेनं घेतात.

अनुवादिनी

सगळ्यांचे आभार. ठरलं तर मग: तिन्हीकडे जिल्हा, 'ग्रामीण' नाही, प्रांताला तळटीप, 'लान'ला कंस. पण आत्ताच फाइलमध्ये चौथा कागद सापडला, बाप्तिस्म्याचा. चर्च वेत्सलारचं, तारीख १९७८ नंतरची, आणि वर 'ऱ्हाइनलांटचं इव्हँजेलिकल चर्च' असं छापलंय. तुम्ही तर म्हणालात ऱ्हाइनशी संबंध १९३२ ला तुटला!

लानकाठचा

सरकारचा तुटला. चर्चनं तो बदल मानलाच नाही. वेत्सलार भागातल्या प्रोटेस्टंट मंडळ्या अजूनही ऱ्हाइनलांटच्या चर्चकडे आहेत, आजूबाजूला सगळं हेसन-नासाऊचं चर्च असताना. १८१५ नंतर पडलेलं ते बेट तिथे शाबूत आहे. त्यांच्या कारभाराच्या घटकाला म्हणतात 'किर्खेनक्राइस'. ब्राउनफेल्स आणि वेत्सलार असे दोन होते, ते २०१९ मध्ये एक झाले. म्हणजे प्रशियानं १८२२ मध्ये जे केलं ते चर्चनं जवळपास दोनशे वर्षांनी केलं.

जुना कारकून

बघा, इथे 'मंडळ' चपखल बसतं. चर्च मंडळ.

शंकेखोर

'भजनी मंडळ' वाटतंय, काका.