शब्द हवा : ‘इंटरप्ट’ला मराठीत काय म्हणावं?

धंतोलीकर : आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग लिनक्सवर होतं. मशीन सांभाळणाऱ्या पोरांसाठी मराठीत टिपण लिहून राहिलो. साउंड कार्ड आणि यूएसबी कंट्रोलर एकाच इंटरप्टवर, म्हणजे प्रोसेसरला इशारा द्यायच्या एकाच लाइनीवर, आले आहेत. जॅक या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सरन पडतात, म्हणजे आवाजाचा माल वेळेत पोचत नाही, टाळ-मृदंगाच्या मधात कटकट ऐकू येते. मी ‘व्यत्यय’ लिहिलं, तर एक पोरगा म्हणे, “काका, मग हा व्यत्यय बंद कसा करायचा?”

निवृत्त मास्तर : व्यत्ययच लिहा. दूरदर्शनवर ‘व्यत्यय’ची पाटी लागायची, तेव्हा कोणाला अर्थ विचारावा लागला नव्हता.

काटोलची : तिथंच गोची आहे, सर. ती पाटी म्हणजे बिघाड. इंटरप्ट हे तर कार्डाचं रोजचं काम. बफरचा, म्हणजे आवाजाच्या तात्पुरत्या साठ्याचा, एक हिस्सा वाजवून झाला की कार्ड प्रोसेसरला सांगतं, पुढचा माल आण. प्रोसेसर वेळेत आला नाही तरच आवाज तुटतो. मी ‘हाक’ म्हणेन.

निवृत्त मास्तर : मग शेअर्ड इंटरप्ट म्हणजे सामायिक हाक?

काटोलची : हो! हाक कोणी मारली ते त्या लाइनीवरच्या उपकरणांच्या एकेका ड्रायव्हर-प्रोग्रामला विचारावं लागतं. बसतो की शब्द.

बर्डीवरचा : काऊन शब्द शोधून राहिले बे? आयआरक्यू (इंटरप्ट रिक्वेस्ट) लिहा अन् मोकळे व्हा. जुन्या पीसीत 16 च लाइनी. साउंड ब्लास्टर कार्डाचा जंपर (लाइन निवडायची पिन) 5 वर ठेवायचो, कारण 7 वर प्रिंटर. दोन्ही एकावर आले की आमचा मेकॅनिक म्हणे, “आयआरक्यू भिडली.”

धंतोलीकर : ‘भिडली’ झकास! टिपणात ‘कॉन्फ्लिक्ट’साठी लिहिलेला ‘संघर्ष’ खोडतो.

काटोलची : थांबा, पीसीआय स्लॉटच्या कार्डांत लाइन सामायिक असणं म्हणजे भिडणं नव्हे, तशी मुभाच आहे. लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स फाइल उघडून साउंड कार्डाच्या ओळीत आणखी कोण आहे ते बघा. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा, न लागणारी ऑनबोर्ड उपकरणं बायोसमधून बंद करा. तरी नाही जमलं तर बूट करताना ‘थ्रेडआयआरक्यूज’ हा पर्याय द्या, म्हणजे इंटरप्टचं काम वेगवेगळ्या थ्रेडमध्ये (कामाच्या धाग्यात) होतं, आणि साउंड कार्डाच्या थ्रेडला वरचं प्राधान्य. एमएसआयवाल्या, म्हणजे लाइनीऐवजी मेसेजनं इंटरप्ट देणाऱ्या, कार्डांत लाइन वाटून घेण्याची भानगडच नाही.

अकोटवाला : ‘टोकणे’ काय वाईट आहे? प्रोसेसर कामात आहे, कार्ड त्याला टोकतं. आमची आजी म्हणे, जेवत्या माणसाला टोकू नये.

निवृत्त मास्तर : ते हिंदी ‘टोकना’. नागपुरात राहून हिंदी-मराठीची खिचडी झाली आहे तुमची. आणि व्यत्ययाला पाणिनीचा आधार आहे : ‘व्यत्ययो बहुलम्’, अष्टाध्यायी 3.1.85.

काटोलची : तिथं त्याचा अर्थ प्रत्ययांची अदलाबदल, सर. अडथळा नव्हे. म्हणजे तुमचाही शब्द घर सोडून आलेलाच.

अकोटवाला : अन् टोकणे हिंदी कसं? बी टोकतात ना शेतात!

बर्डीवरचा : ते टोबतात. सरकी टोबणे. टोकत कोणी नाही विदर्भात.

अकोटवाला : आमच्याकडे डोबतात.

बर्डीवरचा : डोबणं म्हणजे तर बुडवणं.

अकोटवाला : ते डुबवणं. या एकदा जूनमध्ये शेतात, दाखवतो.