तळं भरेलच असं नाही

पर्माफ्रॉस्ट म्हणजे थंड प्रदेशात जमिनीखाली वर्षानुवर्षं गोठलेला थर. तो वितळला की बर्फाचं पाणी होऊन तिथली तळी भरतील, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. तो गोठलेला थर म्हणजे नुसता पाण्याचा साठा नाही, तळ्याचा तळच तो. मोहोळकडच्या आमच्या रानात वर मुरूम, खाली काळा कातळ. पावसाचं पाणी मुरमात मुरतं, कातळावर अडतं आणि विहिरीत पाझरतं. काही वर्षांपूर्वी विहिरीशेजारीच बोअर घेतला, केसिंग, म्हणजे भोकात आतून बसवायचा पाइप, पुरेसं खोल घातलं नाही. मुरमातलं पाणी त्या भोकातून खालच्या कोरड्या भेगांत उतरलं आणि संक्रांतीपर्यंत पुरणारी विहीर दिवाळीलाच तळाला गेली. फार वाईट वाटलं होतं.

सायबेरियातही असंच घडलंय. १९७३ ची उपग्रहचित्रं १९९७-९८ च्या चित्रांशी ताडून पाहिली, तेव्हा जिथे गोठलेला थर तुटक आहे तिथली कितीतरी मोठी तळी आक्रसलेली किंवा नाहीशी झालेली दिसली. थर सलग आहे त्या भागात मात्र तळ्यांचं क्षेत्र वाढलं होतं. तेवढ्यापुरतं तळी भरण्याचं म्हणणं बरोबर. आणखी एक, खाली उतरणारं पाणी सोबत ऊबही नेतं. एकदा वाट पडली की भोवतालचा बर्फ आणखी लवकर सुटतो. अलास्का-कॅनडातल्या युकॉन नदीच्या खोऱ्यात तर नदीला मिळणाऱ्या भूजलाचा वाटा वाढल्याचं प्रवाहाच्या जुन्या नोंदींवरून दिसलंय, म्हणजे तिथेही पाणी जमिनीखालून वाट काढतंय.